पाचपैकी तीन

आमच्या टॉर्व्हिकमध्ये कुणालाही, कशालाही, पाचपैकी पाच मिळत नाहीत. पाच देवाचे, असं आमचे पास्टर म्हणतात; आणि मे महिन्यात बीटाची पेरणी झाल्यावर बर्फ पाडल्याबद्दल लोक त्यातलाही एक कापून घेतात. चार म्हणजे डोक्यात हवा गेली. दोन म्हणजे भांडण काढलं. म्हणून सगळ्याला तीन. लग्नाच्या जेवणाला तीन, नव्या ट्रॅक्टरला तीन, एक्कावन्न वर्षांच्या संसाराला तीन.

मी गावाची कारकून, अर्लिस क्वाम. वस्ती दोनशे बारा, कारकून एक. एकोणीस वर्षं गावाचे कागद मी सांभाळते आणि एकोणीस वर्षं दर डिसेंबरात आमचा महापौर ऑर्डेल स्ट्रांड माझ्या कामाचा वार्षिक शेरा लिहितो: तीन. खाली एक ओळ, 'तक्रार नाही.' पहिल्या वर्षी मला ते कौतुक वाटलं. दहाव्या वर्षी मी त्या कागदात मासे गुंडाळले.

हे आधी सांगितलं, कारण पुढचा सगळा तमाशा या तीनपायी झाला. आणि सरकारी फॉर्मात तो तीन मी माझ्या हाताने, शाईच्या पेनाने आधी कच्चा लिहून, मग संगणकात भरला. कुणा दुसऱ्याला शिव्या द्यायची सोय नाही. तरी देणार आहे.

वॉशिंग्टनहून आम्हाला मदत मिळाली होती ती ॲम्ब्युलन्ससाठी. दोन हप्त्यांत. पहिल्या हप्त्यात नवी गाडी आणि बंद पडलेलं हृदय चालू करायचं यंत्र आलं. दुसऱ्या हप्त्यात गाडीसाठी उबदार गॅरेज बांधायचं होतं. हिवाळ्यात शून्याखाली तीस झालं की बाहेर ठेवलेल्या गाडीत औषधांचे दगड होतात, म्हणून उबदार जागा नसेल तर परवाना नाही, असा राज्याचा नियम. तोवर गाडी माझ्या दिराच्या, ड्यूएनच्या शेडमध्ये उभी राहायची. पण ड्यूएनने शेत विकलं आणि गुडघ्यांचं कारण सांगून ॲरिझोनाला जायचं ठरवलं. नव्या मालकाला शेड एक ऑक्टोबरला रिकामी हवी होती. म्हणजे एक ऑक्टोबरच्या आत गॅरेज उभं नाही राहिलं तर आमची ॲम्ब्युलन्स चौदा मैलांवरच्या लिंडफोर्सला जाणार. बर्फात चौदा मैल म्हणजे चाळीस मिनिटं. हृदय बंद पडलेला माणूस चाळीस मिनिटं वाट बघत नाही, तो पुढे निघतो.

शिवाय लिंडफोर्स मूळच्या स्वीडिश लोकांचं आहे आणि आम्ही मूळचे नॉर्वेजियन, पणजोबांपासूनची चुरस. यापुढे आणखी काही सांगायची गरज नाही.

तर मदत. वॉशिंग्टनची मदत फुकट असते असं ज्याला वाटतं त्याने कधी सहामाही अहवाल भरलेला नाही. एकोणीस पानं. मला कॉलेज नाही. बीटाच्या वजनकाट्यावर अकरा हंगाम आकडे लिहिले, बाकी जे काही येतं ते स्वयंपाकघराच्या टेबलावर, बटाटे उकडत ठेवून शिकले. पण कॉलेज करून माणसाला साधा प्रश्नही विचारता येत नसेल तर त्या कॉलेजचा काय उपयोग, हे मला त्या फॉर्मावरून कळलं. प्रश्न बारा (ख): 'प्रकल्पाच्या परिवर्तनकारी फलिताचे लाभार्थीकेंद्रित वर्णन करा.' हे वाक्य ज्याने लिहिलं त्याच्या आईने त्याला लहानपणी एकदा तरी कानाखाली द्यायला हवी होती.

मी प्रामाणिकपणे उत्तर दिलं: 'गाडी चालते.'

पुढचा प्रश्न, उल्लेखनीय यश. मी लिहिलं, 'विशेष काही नाही.' एखाद्या लाभार्थ्याचं उदाहरण द्या. मी लिहिलं, 'सेल्मर टोफ्ते, वय ८४. फेब्रुवारीत जरा बरं वाटत नव्हतं. आता ठीक आहेत.' आणि शेवटी, प्रकल्पाला एक ते पाच गुण द्या. तिथे माझा हात आपोआप, बापजाद्यांच्या सवयीने, तीनवर गेला. सही केली, पाठवलं आणि बटाटे सोलायला बसले. काम चोख झालं म्हणून मनातल्या मनात स्वतःला साडेतीन दिले.

बाराव्या दिवशी शिकागोहून फोन आला.

"मिसेस क्वाम? मी योलांडा फेंट्रेस. तुमच्या मदतीचं काम माझ्याकडे आहे." आवाज गोड. वाईट बातमीवाल्यांचा असतोच. "माझ्या संगणकावर तुमचं गाव लाल झालंय."

"लाल म्हणजे?"

"अपयशाच्या उंबरठ्यावर. तीनच्या खाली किंवा तीन गुण आले की ते आपोआप लाल होतं. दुसरा हप्ता थांबलाय. तुम्हाला सुधारणेचा आराखडा पाठवावा लागेल. गाडी कशामुळे अपयशी ठरली, त्याची कारणं लिहून."

"अहो बाई, गाडी उत्तम चाललीय!"

"मग तसं लिहिलं का नाही?"

मी म्हटलं, "लिहिलंय की. 'गाडी चालते.'"

मग ती फार हळुवारपणे म्हणाली, "मिसेस क्वाम, परवा एका गावाने स्वतःच्या कचऱ्याच्या डब्यांना पाच दिलेत."

मी फोन ठेवला तेव्हा माझे कान तापले होते. एकोणीस वर्षांत माझ्या हातचा एक कागद परत आला नव्हता. एक! आणि आता डब्यांच्या खाली माझा नंबर.

संध्याकाळी सभा बोलावली. ऑर्डेल आणि इतर चार सदस्य. ऑर्डेल भला माणूस आहे, पण निर्णय घ्यायची वेळ आली की तो बुटांकडे बघतो, आणि बुटांनी आजवर त्याला एकदाही सल्ला दिलेला नाही.

"पाच लिहू या," मी म्हटलं. "एका अंकाचा प्रश्न आहे."

"पाच?" ऑर्डेल दचकला. "अगं अर्लिस, लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? तो कागद शिकागोला जातो!"

"तरी पण. पाच म्हणजे... आता तूच सांग, गाडीचं मागचं दार जरा कुरकुरतं की नाही?"

"साडेतीन नाही का चालणार?" दुसऱ्याने विचारलं.

"संगणक अर्धा घेत नाही."

"अर्धा घेत नाही आणि म्हणे प्रगत देश," तिसरा पुटपुटला.

दोन तास चर्चा चालली. खोटं वाटेल, पण गावाची पाण्याची टाकी बांधायचा ठराव अकरा मिनिटांत झाला होता. शेवटी चारवर मतदान झालं, तीन विरुद्ध दोन मतांनी मंजूर. मी उठणार इतक्यात ऑर्डेल म्हणाला, "फक्त खाली एक ओळ टाक. 'याहून बरं होऊ शकलं असतं.' म्हणजे जरा बरं दिसेल."

मी टाकली. बहुमताचा ठराव होता, माझा नाइलाज होता.

संगणकाला ते झेपलं नाही. गुण चार आणि शेरा रडका, म्हणजे माहितीत विसंगती, म्हणजे कदाचित लबाडी. आमचा लाल रंग गडद झाला. आता सुधारणेच्या आराखड्याबरोबर दोन गोष्टी आणखी लागल्या: अधिकाऱ्यांसमोर गावाची जाहीर सुनावणी, आणि अहवाल लिहिणाऱ्या व्यक्तीला, म्हणजे मला, सहा तासांचं प्रशिक्षण. विषय, 'आपलं यश कसं सांगावं.'

ते प्रशिक्षण मी संगणकासमोर बसून पूर्ण केलं. शिकवणाऱ्याच्या दातांवर प्रकाश पडून डोळे दिपत होते. तो सारखा म्हणायचा, "तुमची गोष्ट सांगा!" शेवटी परीक्षा. चार वाक्यांतून सर्वोत्तम वाक्य निवडा. मी निवडलं, 'काम वेळेत झालं.' चूक. बरोबर उत्तर होतं, 'आम्ही एकत्र येऊन उद्याची नवी पहाट घडवली.' मी तीनदा नापास झाले. एकसष्टाव्या वर्षी, स्वतःच्या स्वयंपाकघरात, पहाटेवरून नापास! प्रमाणपत्र आलं त्यावर लिहिलं होतं, 'प्रारंभिक पातळी.' यावेळी घरात मासेही नव्हते.

मग गावाचे सल्ले सुरू झाले. धान्याच्या गोदामात सकाळी कॉफीला जमणाऱ्यांनी सांगितलं की पैसे परत करून टाका, कशाला सरकारच्या नादी लागता. यांतल्या प्रत्येकाच्या शेताला सरकारी अनुदान आहे, ते परत करायचं कुणी नाव काढलं नाही. पास्टर म्हणाले, नम्रांनाच पृथ्वीचं राज्य मिळेल. मी म्हटलं, पास्टर, राज्य नको, गॅरेज हवंय.

आणि मर्ना. मर्ना हॉवलंड आमच्या ॲम्ब्युलन्स पथकाची प्रमुख. बिनपगारी. एरवी तिचं केस कापायचं दुकान आहे, आणि बोलावणं आलं की ती गिऱ्हाइकाच्या डोक्यात कात्री तशीच सोडून धावते. मी तिला विचारलं, "वर्षभरात किती वेळा गेलात? आकडा दे."

"मोजलं नाही गं."

"तुझ्या पर्समध्ये नोंदवही आहे. मला कोपरा दिसतोय."

तिने पर्स मिटली. "उगाच कशाला. कुणीही केलं असतं."

याचा मला भयंकर संताप येतो. कुणीही केलं असतं! कुणीही केलं नव्हतं, हिने केलं होतं. आमची ही नम्रता म्हणजे सद्गुण आहे असं आम्हाला लहानपणापासून चर्चच्या तळघरात पढवतात. मी सांगते, तो निव्वळ माज आहे. 'बघा, आम्ही किती करतो आणि किती बोलत नाही' असं न बोलता मिरवायचं. आणि त्या मिरवण्यापायी गाडी शेजारी गेली तरी चालेल, पण तोंडातून चांगला शब्द निघता कामा नये. हे मी मर्नाला तिच्या दुकानात, आठ गिऱ्हाइकांसमोर सांगितलं. तिने माझे केस त्या दिवशी जरा जास्तच आखूड कापले.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात योलांडा फेंट्रेस आली. मी तिचा द्वेष करायची पूर्ण तयारी केली होती, पण ती निघाली साधी. उंच, पिवळा कोट, पायांत असले नाजूक बूट की पार्किंगमधून चर्चपर्यंत येईस्तोवर तिला डासांनी सतरा ठिकाणी फोडलं. तरी हसत होती. सुनावणी चर्चच्या तळघरात होती, कारण गावाच्या कार्यालयात अकरापेक्षा जास्त माणसं मावत नाहीत. एकशे चाळीस लोक आले. लोकशाहीसाठी नाही, जेवण होतं म्हणून. सात घरांतून सात हॉटडिश आले, म्हणजे खिमा-भाज्या एकत्र भाजलेली भांडी, सातांवर बटाट्याचे तेच तळलेले गोळे. लोणी-साखर लावलेल्या लेफ्साची, म्हणजे बटाट्याच्या पातळ पोळ्यांची चवड, अंडं घालून उकळलेली कॉफी आणि माझ्या हातच्या लिंबाच्या वड्या.

जेवण झालं. योलांडाने टेबलावर आवाज टिपायचं यंत्र ठेवलं आणि विचारलं, "या ॲम्ब्युलन्समुळे तुमच्या आयुष्यात काय फरक पडला?"

एकशे चाळीस माणसं कॉफीच्या कपात बघू लागली.

"रंग बरा आहे," अखेर मागून कुणीतरी म्हणालं.

"भोंगा जरा मोठा आहे," एका बाईने सांगितलं. मग उगाच टीका नको म्हणून, "पण सवय होते."

योलांडाने मर्नाकडे पाहिलं. "तुमचं पथक नेमकं काय करतं?"

"आम्ही जातो," मर्ना म्हणाली. विचार करून तिने भर घातली, "आणि परत येतो."

"मिस्टर टोफ्ते, अहवालात तुमचं नाव आहे. फेब्रुवारीत तुम्हाला काय झालं होतं?"

सेल्मर टोफ्ते खिडकीखाली बसले होते. चौऱ्याऐंशी वर्षांचे, दाराच्या चौकटीएवढे रुंद आणि तेवढेच बोलके.

"मासे गळाला लागत नव्हते," ते म्हणाले.

मी डोक्याला हात लावला. तिकडे ताटात लिंबाची शेवटची वडी उरली होती. आमच्याकडे शेवटची वडी कुणी घेत नाही, तो हावरटपणा. प्रत्येक जण जाता-येता तिचा अर्धा भाग कापून घेतो आणि अर्धा मागे ठेवतो. अर्ध्याचा अर्धा, त्याचा अर्धा. ऑर्डेल चाकू घेऊन साखरेच्या दाण्याएवढ्या तुकड्याशी झटत होता. त्याच्याकडे बघून मला वाटलं, हेच आमचं गाव. असंच अर्धं-अर्धं होऊन संपणार, पण शेवटचा तुकडा माझा असं कुणी म्हणणार नाही. मी रागाने पेटीतल्या उरलेल्या वड्या ताटात ओतल्या.

योलांडा कॉफीच्या पिंपापाशी माझ्याजवळ आली. हळू म्हणाली, "मिसेस क्वाम, मला हे गाव आवडलं. पण 'आवडलं' असा रकाना नाहीये. चार वाजता मला सुनावणी संपली असं लिहावं लागेल, आणि लाल ते लालच राहील." मग तिने पिशवीतून कागद काढला. "हा एका दुसऱ्या गावाचा अहवाल. नाव खोडलंय. पुढच्या वेळी असं लिहा, नमुना म्हणून देते."

पुढच्या वेळी! पुढच्या वेळी आमची गाडी कुठे असणार होती? मी कागद घेतला. नावावर काळी पट्टी. पण दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलं होतं, 'आमच्या वेशीवरील सोळा फुटी लाल लाकडी घोडा हे आमच्या उमेदीचे प्रतीक आहे.'

पृथ्वीच्या पाठीवर सोळा फुटी लाल घोडा वेशीवर ठेवणारं गाव मला एकच माहीत आहे. इथून चौदा मैलांवर आहे.

पुढे वाचलं. आणि मग मी काय केलं ते मला नंतर लोकांनी सांगितलं. म्हणे मी खुर्चीवर चढले. इस्त्रीच्या झग्यात, चर्चमध्ये.

"ऐका!" मी ओरडले. "लिंडफोर्सने स्वतःला गुण दिलेत. सेवेला पाच! वेगाला पाच! लोकांच्या समाधानाला पाच!"

तळघरात एक आवाज झाला, गाय दूर कुठेतरी हंबरावी तसा.

"घोडेवाल्यांनी?" कुणीतरी विचारलं.

"आणि हे ऐका. 'फेब्रुवारी महिन्यात गोठलेल्या तळ्यावर मासेमारी करणाऱ्या एका ज्येष्ठ नागरिकाचे बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करण्याच्या ऐतिहासिक मोहिमेत आमच्या शूर पथकाने मोलाची भूमिका बजावली.'"

एकशे चाळीस कप टेबलावर आदळले.

खिडकीखाली खुर्ची सरकली. सेल्मर टोफ्ते उभे राहिले.

"मी मेलो होतो," ते म्हणाले.

योलांडाने यंत्र पुढे सरकवलं.

"सात मिनिटं. बर्फावर. गळ हातात. मर्ना सहाव्या मिनिटाला पोचली. डोक्याला कुणाचंतरी केस रंगवायचं फडकं बांधलेलं, हातमोजे नाहीत. माझ्या छातीवर बसली आणि तीन बरगड्या मोडल्या तिने माझ्या. तीन! इथे, इथे आणि इथे." त्यांनी सदऱ्याची बटणं सोडायला घेतली, पास्टरनी हात धरला म्हणून राहिलं. "मग यंत्र लावलं, आणि मी परत आलो. लिंडफोर्सवाले आले तेव्हा मी मर्नाच्या गाडीतून इस्पितळाच्या वाटेला लागलो होतो. ते तळ्यावर उभे राहून माझे मासे बघत होते." त्यांनी श्वास घेतला. "त्यांनी माझी एक तरी बरगडी मोडलीय का? विचारा त्यांना. एक तरी?"

सेल्मर एवढं बोललेले कुणी ऐकलं नव्हतं. त्यांची बायकोसुद्धा त्यांच्याकडे नव्याने बघत होती.

"आणि ते फडकं माझं होतं!" मागून एक बाई उठली. "मी खुर्चीत बसले होते. मर्ना गेली ती तीन तासांनी आली. अर्धं डोकं नारिंगी झालं माझं, ईस्टरपर्यंत टोपी घालून फिरले. आणि मी तक्रार केली नाही! घोडेवाल्यांतलं कुणी नारिंगी झालं का?"

मग बांध फुटला. गोदामाच्या कट्ट्यावरचा एक उठून म्हणाला, माझी नात या गाडीत जन्मली, बीटाच्या ढिगामागे, आणि मर्नाने नाळ कापली ती केसांच्या कात्रीने, उकळून घेतलेल्या. दुसऱ्याने पँटचा पाय वर करून बीट उपटायच्या यंत्रात सापडलेली पोटरी दाखवली, योलांडाला जेवल्यानंतर ती बघायची नव्हती तरी. कुणी म्हणालं, लिंडफोर्सची ॲम्ब्युलन्स जानेवारीत खड्ड्यात गेली तेव्हा ती ओढायला आमचीच गेली होती, तेही लिहा! पास्टर उभे राहिले, टाय नीट केला आणि म्हणाले, "ऑक्टोबरात. माझ्याही छातीत. मर्ना मला घेऊन गेली आणि तिने कुणाला सांगितलं नाही, कारण मी सांगू नको म्हटलं. हे कुणालाच माहीत नाही." ते खाली बसले. त्यांच्या बायकोने त्यांचा हात घट्ट धरला, आणि मग सगळ्यांसमोर त्यांच्या दंडावर एक फटकाही दिला.

मी खुर्चीवरून उतरले, मर्नाची पर्स उघडली आणि नोंदवही टेबलावर आपटली. बाराव्या पानापर्यंत योलांडाने स्वतः मोजलं. वर्षात त्रेसष्ट वेळा. सगळ्यांत उशीर झाला तो नऊ मिनिटांचा, वाटेत रेल्वेची मालगाडी होती म्हणून.

"नऊ मिनिटं," योलांडा म्हणाली. तिने चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "आणि तुम्ही स्वतःला तीन दिलेत?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. त्यांत दोन तास चारवर वाद घालणारेही! मी ऑर्डेलकडे पाहिलं. तो बुटांकडे बघत होता. मग त्याने मान वर केली. माझ्या एकोणीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा.

"मतदान घेतो," तो म्हणाला. घसा साफ केला. "प्रस्ताव... पा..." पुन्हा साफ केला. "पाचचा."

हात वर गेले. सगळे. काही जणांनी डोळे मिटले होते, थंड पाण्यात उडी मारताना मिटतात तसे, पण हात वर होते. फक्त मर्नाचा खाली.

"स्वतःसाठी कसा उचलू?" ती पुटपुटली. कानशिलापर्यंत लाल झाली होती. योलांडाच्या संगणकावर आम्हीही एवढे लाल नसू.

सेल्मरनी दुसरा हातही वर केला. "हा तिचा," ते म्हणाले.

मग ते सरळ ताटाकडे चालत गेले. इतक्या वेळात पुन्हा एकच वडी उरली होती. त्यांनी ती उचलली आणि अख्खी तोंडात टाकली. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

"काय बघता?" ते वडी चावत म्हणाले. "मेलेला माणूस आहे मी. मला चालतं."

योलांडा चार वाजता निघणार होती, साडेसहाला निघाली. पिवळ्या कोटाच्या खिशात लेफ्सा आणि तेवीस पानांचा मजकूर घेऊन. गाडीत बसताना मला म्हणाली, "प्रश्न बारा (ख) मीच लिहिला होता, मिसेस क्वाम. समितीने शेवटी असा केला. मी मूळ लिहिलं होतं, 'कुणाला काय उपयोग झाला?'"

मी तिला क्षमा केली. समितीला नाही.

नवव्या दिवशी आम्ही हिरवे झालो. दुसरा हप्ता आला. गॅरेज सप्टेंबरच्या अठ्ठावीसला उभं राहिलं, आणि गाडी आत गेली तेव्हा दोन्ही बाजूंना हातभर जागा उरली. नियमाप्रमाणे दारावर मदतीचा फलक लावून त्याचा फोटो अहवालाला जोडावा लागतो. फोटोत मर्ना पाठमोरी उभी आहे. तेवढी सूट मी दिली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रात्री पहिला बर्फ पडला. सकाळी मर्नाने किल्ली फिरवली आणि गाडी एका झटक्यात सुरू झाली. मागचं दार मात्र कुरकुरलं. आम्ही सगळ्यांनी ऐकलं, कुणी काही बोललं नाही.

आणि मग डिसेंबर आला. वर्षाची शेवटची सभा. ऑर्डेलने माझा वार्षिक शेरा काढला आणि तोंडातल्या तोंडात वाचून पटकन फाइलमध्ये सरकवायला लागला.

"काय म्हणालास?" मी विचारलं.

"तेच आपलं. नेहमीचं."

"मोठ्याने वाच. मला इतिवृत्त लिहायचंय."

त्याने बुटांकडे पाहिलं, मग कागदाकडे. "कारकून अर्लिस क्वाम. गुण..." त्याचे कान लाल झाले. "चार."

चार सदस्य खुर्च्यांत चुळबुळले. कुणी विरोध केला नाही. एकमताने मंजूर.

मी पेन खाली ठेवलं. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. कार्यालयातला हीटर जुना आहे, धूळ उडवतो.

"पाच का नाही रे?" मी विचारलं.

"अगं, पुढच्या वर्षी सुधारायला काही जागा नको?" मग तो टेबलावर वाकून हळूच म्हणाला, "आणि हे बघ अर्लिस, हे आपल्यातच ठेव हं. उगाच लोकांत नको."

"सभेत वाचलास ना?"

"वाचला."

"मग तो सभेचा झाला."

नियमच आहे. प्रत्येक सभेचं इतिवृत्त जिल्ह्याच्या साप्ताहिकात छापावं लागतं. ते मी लिहिते, मीच पाठवते, आणि एकोणीस वर्षांत त्यातला एक शब्द मी गाळलेला नाही. या वेळी तर छापखान्यात फोन करून सांगितलं, 'चार' जरा ठळक अक्षरांत घ्या, नजरेतून सुटू नये म्हणून.

जिल्ह्यात साप्ताहिक एकच आहे. लिंडफोर्सलाही तेच जातं.